घरात कोणत्या भाषेत भांडता?

दर मे महिन्यात बेळगावला आले, की अनगोळच्या आमच्या गल्लीत पहिल्या दोन दिवसांत मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. थंडी सोसते का, तांदूळ मिळतो का, पगारातले किती शिल्लक राहते, हे प्रश्न आधी उरकतात आणि मग एखादी वैनी आवाज जरा उतरवून म्हणते, "खरं सांग गं, तुमच्या घरात भांडण कुठल्या भाषेत होतंय?" प्रेम कोणत्या भाषेत होते हे आजवर मला कोणीही विचारलेले नाही, ते कोणत्याही भाषेत उरकत असावे, असा आमच्या गल्लीचा समज दिसतो. मी बहुतेक वेळा हसून वेळ मारून नेते. पण या वेळी नीट बसून उत्तर लिहिते आहे.

मी मराठी माध्यमात शिकलेली, बेळगावातच अभियंता झालेली मुलगी. वडिलांचे उद्यमबागेत दोन लेथचे छोटे वर्कशॉप होते, त्यामुळे व्हर्निअर कॅलिपर धरायला मी रांगोळीची चिमूट धरण्याच्या आधी शिकले. 2011 साली नोकरीच्या निमित्ताने जर्मनीत, श्टुटगार्टजवळ नेकार नदीच्या काठच्या एका गावात, पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या गुणवत्ता विभागात रुजू झाले. नवरा तिथलाच, त्याच कारखान्यात ओतीव भागांच्या खरेदीचे काम पाहणारा. आमचे पहिले भांडण एका कास्टिंगमधल्या ब्लोहोलवरून, म्हणजे ओतीव भागात राहिलेल्या हवेच्या पोकळीवरून झाले. तो म्हणत होता, की एवढे चालते, आणि मी म्हणत होते, की चालत नाही. त्या भांडणाची भाषा इंग्रजी होती, आणि ती दोघांचीही नसल्यामुळे आम्ही दोघेही कमालीचे सभ्य राहिलो. पुढे लग्न झाल्यावर ही सभ्यता आपोआप गेली. (या लेखात मी त्याला 'तो' म्हणते आहे, हे आईला आवडणार नाही. ती अजूनही फोनवर "हे जेवले काय?" असेच विचारते आणि 'हे' कोण, ते मी समजून घ्यायचे असते.)

जर्मन मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शिकले, आणि खरे सांगायचे तर मराठी माणसाला ती वाटते तितकी परकी नाही. तिलाही तीन लिंगे आहेत, आणि 'कारण' म्हणून वाक्य सुरू केले, की क्रियापद मराठीसारखेच शेवटी जाऊन बसते. परंतु वर्गातले पुस्तक संपवून सासरी गेले, तेव्हा सासूबाईंच्या तोंडचे एक वाक्य धड कळेना, कारण त्या बोलत होत्या ती श्वेबिश, म्हणजे त्या मुलखाची बोली. एकदा त्या म्हणाल्या, की 'फूस' दुखतो आहे. पुस्तकात फूस म्हणजे पाऊल, म्हणून मी तत्परतेने टाचेला लावायचे मलम घेऊन गेले, आणि दुखत होता गुडघा. श्वेबिशमध्ये पावलापासून मांडीपर्यंत सगळ्याला फूसच म्हणतात. मी तिथेच खुर्चीवर बसून हसू लागले, कारण आमच्या आजीचा 'पाय'ही थेट कमरेपर्यंत जात असे. पुस्तकी जर्मन शिकताना पाऊल वेगळे आणि पाय वेगळा हे घोकण्यात मी जो एक आठवडा घालवला होता, तो सासूबाईंपुढे फुकट गेला.

त्या दिवसापासून मला ते गाव जरा आपले वाटू लागले. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या त्यांच्या राज्याने 1999 मध्ये स्वतःच्या जाहिरातीसाठी जे घोषवाक्य घेतले, त्याचा अर्थ असा, की आम्हाला सगळे जमते, फक्त प्रमाण जर्मन तेवढे सोडून. पुण्यात शिकायला गेलेल्या बेळगावच्या मुलाने वसतिगृहात पहिल्याच दिवशी "काय करालाईस बे?" म्हणावे आणि चार टाळकी हसावीत, हा अनुभव ज्याला आहे, त्याला या वाक्यातला ताठा आणि त्यामागची खोच दोन्ही समजतील. आपण मात्र अजून असे वाक्य पाटीवर लावलेले नाही.

श्वेबिश लोकांची आणखी एक म्हण आहे: नेट गशिम्फ्ट इश गनुआग ग्लोब्ट. रागावलो नाही म्हणजे पुरेसे कौतुक झाले. नवऱ्याने ही म्हण मला लग्नाआधीच ऐकवली होती, बहुधा सावधगिरीची सूचना म्हणून. तो घरी येऊन गोड बोलत नाही. ऑक्टोबर संपत आला, की न सांगता माझ्या सायकलचे ब्रेक तपासतो, दिव्याची वायर ओढून बघतो आणि हात पुसत "आता ठीक आहे" एवढेच म्हणतो. माझ्या मैत्रिणींना हे रूक्ष वाटते. मला वाटत नाही, कारण ज्या घरात मी वाढले, तिथे वडिलांनी दहावीचा निकाल पाहून "बरं हाय की" एवढेच म्हटले होते आणि नंतर दोन तास लेथ पुसत बसले होते.

लग्नाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्यात आमच्या गावाचे नाव अडकले होते. तिथल्या नोंदणी कार्यालयाला परदेशी माणसाकडून तो लग्नास पात्र असल्याचे प्रमाणपत्र लागते. भारत तसे प्रमाणपत्र देत नाही, त्यामुळे वरच्या न्यायालयाच्या अध्यक्षांकडून त्यातून सूट मिळवावी लागते. या कटकटीला कंटाळून कित्येक जोडपी सरळ डेन्मार्कला जाऊन लग्न करून येतात. आम्ही तिथेच राहून कागद गोळा करत बसलो. पासपोर्टवर माझे जन्मगाव 'बेलगाम' होते. 1 नोव्हेंबर 2014 पासून गावाचे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले, त्यामुळे 2015 मध्ये नव्याने काढलेल्या जन्मदाखल्यावर ते तसे आले. समोरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारले, की आपण नक्की कोणत्या गावी जन्मलात? मी म्हणाले, "बेळगाव." त्यांनी हे तिसरे नाव शांतपणे टिपून घेतले, आणि फाइल पुढे चार आठवडे थांबली. त्या बाईंना काय सांगणार, की या एका नावावरून आमच्याकडे मोर्चे निघतात, आणि त्याच 1 नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्याच्या स्थापनादिनी, आमच्या गल्लीच्या एका टोकाला काळे झेंडे असतात, तर दुसऱ्या टोकाला पिवळे-तांबडे. नवरा मात्र घरी येताना म्हणाला, "तुझ्या गावाला तीन नावं आहेत, तर तुझ्याशी तीन भाषांत तरी बोलायला हवं." तो हे गमतीने म्हणाला होता.

त्याची मराठी सुरू झाली ती कुंद्यापासून, आमच्या बेळगावच्या आटीव दुधाच्या मिठाईपासून. दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात नेता येत नाहीत, म्हणून बेळगावहून नेलेला कुंद्याचा पुडा एकदा विमानतळावरच्या कस्टममध्ये माझ्यादेखत पिंपात गेला. कपडे हरवले असते तर इतके वाईट वाटले नसते. मग घरीच करायचे ठरवले. तीन लिटर दूध आटवायला ठेवायचे, मध्ये दही घालून ते फाटू द्यायचे, साखर घालायची, आणि रंग तपकिरी होऊन दाणे सुटेपर्यंत ढवळत राहायचे. तासाभराने माझा हात भरून आला, तेव्हा नवऱ्याने उलथने हातात घेतले. त्या दिवशी त्याने मराठीतली पहिली क्रियापदे शिकली आणि ती सगळी आज्ञार्थी होती: ढवळ, थांबू नको, खाली लागतंय, कडा खरवड, गॅस कमी कर. पुढची दोन वर्षे त्याच्या मराठीत फक्त आज्ञा होत्या, आणि त्याही मी दिलेल्या. लिंगाची चूक तो अजून करतो. जर्मनमध्ये बस पुल्लिंगी आहे, म्हणून "बस गेला" म्हणतो, आणि ते ऐकताना मला आमच्याकडच्या कन्नड बोलणाऱ्या भाजीवाल्याची आठवण होते, ज्याची गाडीही आयुष्यभर 'आला' आणि 'गेला'.

आता भांडणाकडे येते. सुरुवातीची काही वर्षे आम्ही जर्मनमध्ये भांडत असू, आणि मी हरत असे. मुद्दा माझाच बरोबर असे, पण नेमके प्रत्यय जुळवेपर्यंत तो पुढच्या मुद्द्यावर पोचलेला असे. शिवाय रागाच्या भरात त्याने माझी चुकलेली विभक्ती दुरुस्त केली, की भांडणाचा विषयच बदलत असे. म्हणून मी एक सोय करून घेतली होती. मोठ्याने जर्मनमध्ये हरायचे आणि नंतर नळाखाली भांडी घासताना पुटपुटत मराठीत जिंकायचे. एका रविवारी अशीच पुटपुटत होते. रविवारी तिथे दुकाने बंद, इमारतीत ड्रिल चालवायलाही मनाई, त्यामुळे शांतता इतकी असते, की चमचा पडला तरी खालच्या मजल्याला कळते. मी म्हणाले, "समदं मीच करायचं, ह्यांना काय, कचरा भरून वाहतोय तरी दिसत नाही." मागून श्वेबिशमध्ये उत्तर आले, की कचरा त्याने सकाळीच खाली नेला, आणि जो वाहतो आहे तो कागदांचा डबा आहे, ज्याची गाडी गुरुवारी येते.

मी साबणाचे हात तसेच धरून वळले. किती दिवसांपासून कळते आहे, असे विचारले, तर म्हणाला, "बऱ्याच." माझी एकटीची राहिलेली शेवटची खोली कोणीतरी दार न वाजवता उघडली, असे त्या क्षणी वाटले, आणि हे खोटे कशाला बोलू, मला आनंद होण्याआधी राग आला. त्या रात्री मी त्याच्याशी कोणत्याच भाषेत बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आमचे भांडण पुढे चालू झाले, ते मी मराठीत आणि त्याने श्वेबिशमध्ये, आणि ते आजतागायत तसेच चालते. दोघेही आपापल्या घरच्या बोलीत पूर्ण वेगाने बोलतो, कोणीही कोणाची विभक्ती दुरुस्त करत नाही, आणि दोघांनाही शब्दन् शब्द कळतो.

तिथल्या मैत्रिणी याला विचित्र म्हणतात. मला ते विचित्र वाटत नाही, कारण हा प्रकार मी लहानपणापासून पाहिला आहे. अनगोळला आमच्या आणि शेजारच्या घरात मिळून एक नळ होता, मधल्या भिंतीला लागून. पाणी काही दिवसांच्या अंतराने, तेही पहाटे, येत असे. माझी आजी आणि शेजारची अक्का या दोघी त्या नळावर चाळीसेक वर्षे भांडल्या. आजी मराठीत, अक्का कन्नडमध्ये. "इवत्त नम्म पाळी ऐति" असे अक्काने म्हणायचे आणि "काल कुणाची होती मग पाळी?" असे आजीने विचारायचे. पाळी हा शब्द दोन्हीकडे एकच, त्यामुळे मुद्दा तरी कधी हरवला नाही. आजीला कन्नड चांगले येत होते आणि अक्काला मराठी. बाजारात दोघीही समोरच्याच्या भाषेत बोलत. भांडताना मात्र दोघींनीही आपली भाषा सोडली नाही, आणि सणाला पुरणपोळीचे ताट भिंतीवरून गेले नाही असेही कधी झाले नाही. नवऱ्याच्या इमारतीत जिना झाडण्याची आठवड्याची पाळी असते, जिची पाटी दाराला अडकवतात. त्या पाटीवरून दोन म्हाताऱ्या पहिल्यांदा जुंपलेल्या पाहिल्या, तेव्हा मी सूटकेस हातात घेऊन जिन्यातच उभी राहिले होते.

आजी तीन वर्षांपूर्वी गेली. आई सांगते, की त्यानंतर अक्का पाणी आल्यावर आधी आमची टाकी भरू देते आणि गप्प उभी राहते.

या मे महिन्यात पहाटे पाच वाजता पाणी आले. नवऱ्याला लवकर जाग येते, म्हणून त्याने उठून आमच्या टाकीचा पाइप नळाला लावला होता. मी दात घासत मागच्या दारात आले, तेव्हा अक्का भिंतीपलीकडून वाकून तो पाइप काढत होती. नवरा म्हणाला, "हा नोई!", म्हणजे छे, असे नाही, आणि मग मनगटावरचे घड्याळ दाखवत, पाणी किती वाजता सुरू झाले, कोणाची टाकी किती भरली आणि राहिलेला वेळ निम्मा-निम्मा कसा वाटायचा, हे सगळे श्वेबिशमध्ये सांगू लागला. अक्काने पदर खोचला आणि कन्नडमध्ये सुरुवात केली. मी मध्ये पडणार इतक्यात ती माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "गप ऱ्हा तू. पाइपला हात लावला की तुझी आज्जी असंच सुरू व्हायची." एवढे बोलून तिने पाइप परत आमच्या टाकीला लावून दिला, नवरा मोरीकडे वळेपर्यंत थांबली, आणि पुन्हा काढला.