एल्बोच्या आतली भिंत

ससून डॉकला मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. आमच्या ट्रॉलरचा धूर नळकांड्यातून सरळ वर जातो. शिडाच्या बोटीत इंजिन केबिनखालच्या खोपच्यात असतं, म्हणून तापलेल्या धुरात समुद्राचं पाणी सोडून तो थंड करतात आणि रबरी होजमधून मागे बाहेर काढतात. धूर नि पाणी जिथे मिसळतात तो बीडाचा वाकडा तुकडा म्हणजे एल्बो. आतून धुराची आच, भोवती खारं पाणी. सगळ्यात आधी सडतो तो हाच.

मे महिन्यात कुलाब्याच्या रेडिओ क्लबसमोर उभ्या असलेल्या एका जुन्या शिडाच्या बोटीवर गेलो. पाऊस लागायच्या आत ती पाण्यातून वर घ्यायची होती.

"मिस्त्री, महिनाभर काळा धूर येत होता. कालपासून तर सुरूच होत नाही," बोटीचे मालक काका म्हणाले.

"सेल्फ किती वेळा मारलात, काका?"

"वीसेक वेळा."

माझ्या पोटात गोळा आला. सेल्फ मारताना पंप पाणी ओढत राहतो, पण इंजिन पेटलेलं नसल्याने ते बाहेर ढकलायला धूर नसतो. मफलर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरात शिरतं. पाणी दाबलं जात नाही. जोर लागला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

बॅटरीचं कनेक्शन तोडलं, पाण्याचा कॉक बंद केला, दोन्ही इंजेक्टर काढून फ्लायव्हील हाताने फिरवलं. दुसऱ्या सिलिंडरातून तांबूस पाणी उडालं. जिभेला लावून पाहिलं, खारट. पण फ्लायव्हील कुठेही न अडता पूर्ण फिरलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. सिलिंडरात लगेच डिझेल ओतलं. खालचं तेल दुधाळ झालं होतं, ते दोनदा बदललं.

एल्बोचे नट मात्र हलेनात. तेल सोडलं, ब्लो लॅम्पने तापवलं, पुन्हा तेल. तीन सुटले, चौथा स्टड मुळाशी तुटला. त्या अंधाऱ्या खोपच्यात ड्रिल मारून आटे पुन्हा पाडायला दोन तास गेले. एल्बोच्या भोकातून अंगठा जायला हवा, तिथे कार्बनमुळे पेन्सिल जात नव्हती. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर आतली भिंत पापडासारखी फुटली.

"वेल्डिंग मारून हा मोसम काढू," काका म्हणाले.

मी ऐकलं नाही. सडलेलं बीड वेल्ड धरत नाही, धरलं तरी शेजारी तडकतं. आणि आतली भिंत गळायला लागली की बोट नुसती उभी असतानाही पाणी इंजिनात जाणार.

दारूखान्याच्या भंगार बाजारातून ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचा पाइप आणला. ३०४ नंबरचा साधा स्टेनलेस खाऱ्या पाण्यात टोचल्यासारखा सडतो आणि चुंबकाला दोन्ही सारखेच, म्हणून ३१६ मधला मॉलिब्डेनम धातू ओळखणारा मॉलीचा थेंब टाकून तपासून घेतला. आर्गॉन वेल्डिंग करून घेतलं. पाण्याची नळी एल्बोच्या वळणाच्या पुढे, उताराकडे तोंड करून बसवली.

तीन दिवसांनी सेल्फ मारला. दुसऱ्या झटक्याला इंजिन पेटलं, मागून पाणी भसाभसा पडू लागलं. काका पाण्याकडे बघत राहिले. मी अर्ध्या तासाने इंजिन थांबवलं आणि डिपस्टिक काढली. तेल स्वच्छ होतं.