गिरणेचं आवर्तन आणि नार-पारचा हिशोब

आज गिरणा नदीवरच्या जामदा बंधाऱ्यावर आवर्तनाचं, म्हणजे धरणातून ठरावीक वेळी सोडलेलं पाणी पोहोचलं. गिरणा धरणातून सुटलेलं पाणी आधी कोरड्या पात्रातून येतं, मग इथे अडवून डाव्या-उजव्या कालव्यात वळवतात. पहिला लोट कायम मंद असतो, फेस आणि काडीकचरा पुढे ढकलत येणारा. वाळू भिजल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. उपशाने पडलेले खड्डेही आधी भरावे लागतात. म्हणून पिण्याचं आवर्तन थोडं थोडं सोडण्यात अर्थ नाही. विसर्ग एकदम मोठा हवा आणि तेवढे दिवस काठच्या मोटारी बंद हव्यात. नाहीतर टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या गावांना ओली वाळूच दिसते!

बंधाऱ्यावर विषय अर्थातच नार-पार योजनेचा. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडच्या नार, पार या नद्यांचं पश्चिमेला वाहून जाणारं पाणी उचलून गिरणेत आणायचं. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ७,०१५ कोटींच्या योजनेला मंजुरी दिली. पाणी यायलाच हवं, यात वाद नाही. पण विजेचा हिशोब कुणी मांडत नाही. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. तेवढं पाणी १०० मीटर उचलायला, पंपांची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर, साधारण एक कोटी युनिट लागतात. पाइपातलं घर्षण वेगळंच.

शिवाय त्या नद्यांना पाणी असतं मुख्यतः पावसाळ्यात, म्हणून उचलण्याआधी तिकडे साठवण लागते. आणि ज्या वर्षी गिरणा धरण आपसूक भरेल, त्या वर्षी पंप चालवायचे का? बिल पाणीपट्टीतून की सरकारी तिजोरीतून? हे काम सुरू होण्याआधीच ठरवा, भाऊ.