पहाटे पाचला निघूया

होळीनंतरचा रविवार होता आणि कितीतरी दिवसांनी घरातले सगळे एकदम मोकळे होते, म्हणून ठरलं की अलिबाग, एका दिवसात जाऊन यायचं. लेकाची एकच अट, कुलाबा किल्ल्यात चालत जायचं, समुद्रातून. सासूबाई म्हणाल्या, मग पहाटे पाचला निघूया.

आता म्हाताऱ्या माणसांना सगळीकडेच पहाटे पाचला निघायचं असतं, त्यामुळे आम्ही हो हो म्हटलं आणि नेरूळहून निघेपर्यंत साडेआठ वाजले. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, कपड्यांची पिशवी, मग विसरलेली टोपी. खारपाड्याचा पूल बरा गेला, पेणला पण ठीक, आणि वडखळला जे व्हायचं ते झालंच, तिथे पाऊण तासात गाडी एका पापडाच्या दुकानासमोरून दुसऱ्या पापडाच्या दुकानासमोर आली. कार्लेखिंड उतरून बीचवर पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेलेले.

आणि किल्ला पार पाण्यात. बोटी चालू होत्या, पण लेकाला बोट नकोच, त्याने आठवडाभर मित्रांना सांगून ठेवलेलं की चालत जाणार. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून आले तरी कान्होजी आंग्र्यांचा हा किल्ला त्यांना मिळाला नव्हता, आम्ही तर पुऱ्यांचा डबा घेऊन आलेलो.

"आज द्वितीया ना," आई वाळूत सतरंजी घालता घालता म्हणाल्या. "दोन पाऊण दीड. दीडला पूर्ण भरती. आणि पुनव नुकतीच झालीय, म्हणजे उधाणाचं पाणी."

आईंचं माहेर अलिबागजवळच्या, समुद्रकाठच्या थळचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते, हे त्यांना लहानपणापासून पाठ, कारण चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा येतो आणि पाणीही त्याच्या मागोमाग. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, सहाला भरती. भरतीच्या आधी सहा तास ओहोटी, म्हणजे आजची सकाळी साडेसातला. पाचला निघालो असतो तर बरोब्बर गुडघाभर पाण्यातून चालत गेलो असतो.

"मग आधी सांगायचं ना!" नवरा.

"सांगितलेलं की, पाचला निघूया."

यावर कोण काय बोलणार. पुऱ्या खाल्ल्या, थोडी वाळू पण खाल्ली. पाचच्या सुमारास पाणी बरंच मागे सरलं, किल्ल्याच्या बाजूला ओली काळी वाळू उघडी पडायला लागली आणि नेमकं तेव्हाच आम्ही पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा डिकीत कोंबत होतो, कारण परत वडखळ होतंच. लेक मागच्या काचेला नाक लावून बघत बसला.

आता तो रोज फ्रिजवरच्या कालनिर्णयसमोर कॅल्क्युलेटर घेऊन उभा असतो, चौकोनाचौकोनात पेन्सिलने भरतीची वेळ लिहितो. काल आषाढ अमावास्येपर्यंत पोचला, पंधरा गुणिले पाऊण, सव्वा अकरा. आईंनी चष्मा वर करून बघितलं.

"गणित बरोबर आहे. पण भर पावसाळ्यात कोण नेतंय तुला?"

त्याने खोडरबर शोधायला घेतला.