भिंतीवरचं घड्याळ बरोबर होतं

मागच्या रविवारी सकाळी कराडहून बाबांचा फोन, "अगं, बँकेची साइट हॅक झालीये बहुतेक." मी इकडे पुण्यात, चहा पण झाला नव्हता. म्हटलं काय येतंय स्क्रीनवर, तर म्हणे "सिक्युरिटीचं काहीतरी येतंय, लाइट बिलाची साइट पण तशीच, यूट्यूब पण तसंच." खरं तर इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती, बँक, लाइट बिल आणि यूट्यूब एकाच सकाळी कोण कशाला हॅक करेल, पण नाही पेटली.

कारण हा प्रकार आमच्याकडे आधी एकदा झालेला. 30 सप्टेंबर 2021 ला डीएसटी रूट सीए एक्स 3 नावाच्या एका जुन्या रूट सर्टिफिकेटची (साइटचं ओळखपत्र, म्हणजे सर्टिफिकेट, खरं की खोटं हे ज्याच्या भरवशावर ठरतं ते) मुदत संपली आणि लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकटचं सर्टिफिकेट वापरणाऱ्या बऱ्याच साइट जुन्या मशीनवर उघडेनात. त्याच्या जागी नवीन रूट आधीच आलेलं होतं, पण बाबांच्या विंडोज 7 कडची भरवशाच्या रूटांची यादी जुनीच, पीसी असेंबल करून देणाऱ्याने अपडेट्स बंद करून ठेवलेले ना. तेव्हा मी फायरफॉक्स टाकून दिलं, ते स्वतःची यादी स्वतःच बाळगतं, विंडोजला विचारत नाही, आणि विषय मिटला.

त्यामुळे या वेळी पण मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "बाबा, फायरफॉक्समध्ये उघडा." तिथेही तेच. मग म्हटलं त्याच वायफायवर मोबाइलमध्ये बघा, तर मोबाइलवर सगळं उघडतंय. म्हणजे साइट ठीक, नेट ठीक, घोळ त्या डब्यातच आहे. एवढं कळायला अर्धा तास गेला. शेवटी म्हटलं स्क्रीनवर जे लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचा.

"युअर क्लॉक इज बिहाइंड म्हणतोय. पण आपलं घड्याळ बरोबर आहे गं, मी कालच बातम्यांशी मिळवलंय."

बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते!! 😂 स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात बघायला सांगितलं तर तिथे 1 जानेवारी 2012.

मग तारखेचा आणि बँकेचा काय संबंध हे समजावणं आलं. साइटच्या सर्टिफिकेटवर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असं छापलेलं असतं, रेल्वेच्या पासासारखं. टीसीच्या हातात 2012 चं कॅलेंडर असेल तर तुमचा खराखुरा पास बघून पण तो म्हणणार की हा अजून सुरूच झाला नाही, उतरा खाली. हे बाबांना पटकन पटलं, नोकरीच्या काळात पासावर बरीच वर्षं काढलीयेत त्यांनी. आणि या पासांची मुदत पण कमी कमी होत चाललीये, लेट्स एन्क्रिप्टचे 90 दिवसांचे तर आहेतच, बाकीच्यांना पण 15 मार्च 2026 पासून जास्तीत जास्त 200 दिवस आणि 2029 च्या मार्चपासून फक्त 47. म्हणजे घड्याळ महिनाभर जरी मागेपुढे झालं तरी बोंब.

शेजारच्या मुलाने मधल्या वेळात येऊन "अ‍ॅडव्हान्स्ड दाबा काका आणि पुढे जा" असा सल्ला देऊन झाला होता. बँकेच्या पानावर तसं पुढे जायची लिंकच आली नाही ते बरं झालं, बऱ्याच बँका ब्राउझरला आधीच सांगून ठेवतात की सर्टिफिकेट खटकलं तर कुणालाही आत सोडू नको. नाहीतर बाबांनी पासवर्ड टाकलाच असता. ती लिंक दाबायची सवय लागली की ज्या दिवशी खरंच कुणी चोर आपल्या आणि बँकेच्या मधे बसलेला असेल त्या दिवशी पण बोट तिकडेच जाणार, म्हणून मी जरा आवाज चढवूनच बोलले.

तारीख दुरुस्त करायला आधी इंटरनेट टाइमचं अपडेट नाऊ दाबायला लावलं, ते नाही म्हणालं. फरक 15 तासांपेक्षा जास्त असला की विंडोज स्वतःहून तारीख ओढून घेत नाही, आणि इथे तर वर्षांचा फरक. मग हाताने तारीख घातली, सगळं उघडलं, बाबा खूश.

सोमवारी सकाळी परत 2012.

म्हणजे मदरबोर्डवरचा सेल गेला. पीसी बंद असताना घड्याळ चालू ठेवतो तो, सीआर 2032, रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा. भिंतीवरच्या लाइटच्या बोर्डाचं बटण चालू असलं तर पीसी बंद असतानाही घड्याळाला लाइटवरून पुरवठा मिळतो आणि सेलवर ताण येत नाही, पण आमच्याकडे रात्री घरातली सगळी बटणं बंद केल्याशिवाय बाबा झोपत नाहीत. इतकी वर्षं बिचारा एकटा सेल रोज रात्रपाळी करत होता.

सेल कुठे मिळाला? घड्याळवाल्याकडे, चाळीस रुपये. व्हिडिओ कॉलवर कॅबिनेट उघडलं, आधी वायर काढायला लावली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायला सांगितला, मग बाजूची क्लिप दाबली तर जुना सेल टुणकन वर. नवीन बसवताना अधिकची खूण वरच्या बाजूला. धूळ इतकी निघाली की आई मागून ओरडत होती, जेवणाच्या टेबलावर कशाला घेतलंय ते. मग तारीख शेवटची एकदा घातली, आता टिकलीये.

हो, माहितीये, विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 लाच संपलाय आणि त्यावर बँकेचं काम करूच नये. बाबांना त्यांचं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर सोडवत नाही, म्हणून डबा तसाच ठेवलाय आणि बँक तेवढी मोबाइलवर नेलीये, त्यावर आमची तडजोड झाली.

रात्रीचं बटण बंद करणं काही थांबलेलं नाही. पण भिंतीवरच्या घड्याळाच्या मागे सेल बदलल्याची तारीख लिहून चिकटवतात ना बाबा, तशीच चिठ्ठी आता कॅबिनेटच्या आत पण लावलीये त्यांनी, फोटो पाठवला मला.