गच्चीवरची जाळी

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागून तीन दिवस झाले होते आणि मी जॅकेट घालून बसलो होतो. नागपुरात मिहानच्या बाजूचं एक लहान डेटा सेंटर. बाहेर सोनेगाव वेधशाळेचा पारा 45 च्या आसपास, आत हॉलमध्ये 22. सर्व्हर अजून आले नव्हते. थंडावा पुरतो का, ही टेस्ट करायला त्यांच्या जागी रॅकमध्ये लोड बँक, म्हणजे साधे हीटरच, 200 किलोवॅटचे. थंडाव्याला 80-80 किलोवॅटची चार मशीनं. तीन पुरतात, चौथं जास्तीचं.

हीच टेस्ट डिसेंबरात पहिल्या फटक्यात पास झाली होती, संत्रा बर्फीही वाटून झाली होती. पण नागपुरात डिसेंबरात एसी पास होणं म्हणजे उन्हाळ्यात छत्री पास होणं. मे महिन्यात भर दुपारी पुन्हा एकदा करू, असा हट्ट मीच धरला होता. मालकांनी कुरकुर करून डिझेलचे पैसे मंजूर केले.

2:40 ला पहिलं मशीन पडलं. एचपी (हाय प्रेशर) ट्रिप. गच्चीवरच्या कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकता येईना, गॅसचा दाब वाढला आणि मशीनने स्वतःला बंद करून घेतलं. मी निवांत होतो. जास्तीचं मशीन त्यासाठीच असतं. 2:52 ला दुसरं गेलं. उरलेल्या दोघांच्या आवाक्यातलं हे ओझं नव्हतंच. तिसऱ्याने पाच मिनिटंही काढली नाहीत. कोल्ड आयलचा, म्हणजे रॅकसमोरच्या थंड हवेच्या वाटेचा, आकडा 24, 27, 31. यातला 27 म्हणजे सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेसाठी ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने सुचवलेली वरची मर्यादा. मी ओरडून लोड काढायला लावला. हीटर होते म्हणून बटण दाबून सुटलो.

गच्चीवर गेलो तर एसीचे मिस्त्री आधीच वर होते, डोक्याला दुपट्टा बांधून. कंडेन्सर ओळीने मांडलेले, एका बाजूला पॅरापेट, म्हणजे गच्चीचा कठडा, दुसऱ्या बाजूला पत्र्याची शोभेची जाळी. रस्त्यावरून मशीनं दिसू नयेत म्हणून आर्किटेक्टने मागितलेली. कंडेन्सर जिथून हवा आत ओढतो त्या कॉईलसमोर मी थर्मामीटर धरला: 54. विश्वास बसेना. 2024 च्या मे अखेरीस इथल्याच एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले होते आणि मग हवामान खात्याने सेन्सरच चुकीचा निघाल्याचं सांगितलं, ते डोक्यात होतं. खालून दुसरा थर्मामीटर मागवला. तोही 54.

मिस्त्रींनी कॅरीबॅगची एक पट्टी फाडली, काठीला बांधली आणि पंख्याच्या वर धरली. पट्टी ताठ उभी राहिली. मग काठी हळूहळू जाळीकडे सरकवली. जाळीपाशी पट्टी वाकली, खाली वळली आणि सरळ कॉईलकडे ओढली गेली. पंख्याने वर फेकलेली गरम हवा कोंडून परत तेच मशीन पीत होतं, आणि त्याच्या शेजारचंही.

"साहेब, कूलर खोलीच्या आत ठेवला अन् खिडक्या लावून घेतल्या तं काय होते?"

"उकडतं."

"मंग तेच होऊन राहिलं ना इथं."

खाली हॉलमध्ये आम्ही काय नव्हतं केलं! गरम आणि थंड हवा भेटू नये म्हणून रॅकमधल्या प्रत्येक रिकाम्या खाचेला ब्लँकिंग पॅनल, फरशीतल्या केबलच्या भोकांना ब्रश. एका इलेक्ट्रिशियनने एक पॅनल विसरलं म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. आणि गच्चीवर त्याच दोन हवा मी स्वतः एका पिंजऱ्यात घातल्या होत्या. जाळीच्या ड्रॉइंगवर सही माझीच. कॅटलॉगमध्ये 45 अंशांना पूर्ण क्षमता लिहिलेली पाहिली आणि टिक केलं. तो आकडा कॉईलच्या नाकाशी येणाऱ्या हवेचा असतो, वेधशाळेच्या सावलीतला नव्हे. चौथ्या मशीनचंही तसंच. एखादं बिघडलं तर चौथं कामाला येतं. चौघंही एकाच कोंडलेल्या जागेत श्वास घेत असतील, तर चौथ्याचा उपयोग काय?

मालक म्हणाले, "पाण्याचा फवारा मारा ना, कूलरसारखा." मेमध्ये हवा कोरडी, तापमान झटकन उतरलं असतं. पण बोअरच्या जड पाण्याने एका मोसमात कॉईलच्या पात्यांवर क्षार बसले असते. आणीबाणीला तासभर ठीक, रोजचं औषध म्हणून नाही. मी नको म्हणालो.

त्याच दुपारी जाळीचे नऊ पत्रे उतरवले. बोल्ट खोलायचे पाने इतके तापले होते की ओल्या फडक्याने धरावे लागत. कॉईलसमोर 47 झाले. दुसऱ्या दिवशी एक वाजता लोड लावला, पाचपर्यंत एकही मशीन पडलं नाही. तरी 47 मला पुरेसं वाटलं नाही. कंडेन्सर चार फूट उंच स्टँडवर चढवले, गरम हवा पॅरापेटच्या वर सुटेल असे डक्ट बसवले, आणि पुढच्या टप्प्याच्या मशीनांची निवड 50 च्या हवेवर करायची असं लेखी दिलं.

आर्किटेक्टचा फोन आला: "अहो, माझ्या इमारतीच्या दर्शनी एलिव्हेशनचं काय झालं?" मी म्हटलं, एकदा दुपारी तीनला गच्चीवर या, दाखवतो. ते काही आले नाहीत. पत्रे अजून गेटपाशी पडून आहेत. त्यातले दोन चौकीदाराने आपल्या कूलरवर सावलीला घातले. मी जाऊन बघून आलो, मागची बाजू त्याने मोकळी ठेवली होती.