मी पुराच्या आधीची

शिक्का मारायला मी नाही म्हणाले, ते बरोबर होतं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमचं वाचनालय पुण्यातल्या पेठेतलं, नदीपासून फार लांब नाही. सकाळी आठला उघडतं ते वर्तमानपत्रांसाठी. वरच्या अभ्यासिकेत त्याआधीच स्पर्धा परीक्षेची मुलं बसलेली असतात, आणि पिशवी ठेवून जागा धरण्यावरून रोज एक तरी वाद खाली माझ्यापर्यंत येतो. लोकांना वाटतं, ग्रंथालयात काम म्हणजे दिवसभर वाचत बसायचं. प्रत्यक्षात परत आलेलं प्रत्येक पुस्तक उघडून पानं मोजायची, निघालेला पुट्ठा बांधणीला काढायचा, कसर लागलेलं वेगळं ठेवायचं, यात दिवस जातो. पाककृतीची पानं फाडून नेणाऱ्यांना काय म्हणावं मला कळत नाही. त्यात बरेचसे शिकलेसवरलेले असतात.

गेल्या पावसाळ्यातला शनिवार. देवघेवीला गर्दी होती. साठीच्या पुढची एक बाई दारात थांबली आणि तिनं चपला बाहेर काढल्या. आमच्याकडे चपला काढायला लागत नाहीत. ओल्या पायांनी ती टेबलापर्यंत आली.

"ताई, पानशेतच्या पुराचा पेपर मिळंल का हितं?"

"मिळेल. कशाला हवाय, मावशी?"

"पुरावा म्हणून."

पदराखालच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिनं आधार कार्ड काढलं. जन्मतारीख ०१/०१/१९६७. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या माणसाच्या कार्डावर अशी एक जानेवारी पडते. अर्ज भरून द्यायला म्हणून माझ्या टेबलावर आलेली अशी कितीतरी कार्डं मी पाहिली आहेत. वर्ष मात्र कार्ड काढणाऱ्या मुलानं तिच्या चेहऱ्याकडे बघून टाकलं होतं. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनला पासष्ट पूर्ण लागतात. कार्डाप्रमाणे ती अठ्ठावन्नची. चार घरची धुणीभांडी करून गुडघे गेलेत, दोन कामं सुटलीत. अर्जाच्या खिडकीवर तिला एकच सांगितलं होतं, वयाचा पुरावा आणा.

"पूर आला तवा मी आईच्या कडंवर होते," ती म्हणाली. "धरून धरून चार पावलं टाकत होते. आई सांगायची, हंडा टाकला आन् तुला उचललं. पूर कधी आला ते तर पेपरात आसंल की. मग मी त्याच्या आधीची, बरोबर ना?"

बरोबर होतं. मी मनात दोनदा तपासून पाहिलं, कुठेही चूक नव्हती. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं गेलं. त्या दिवशी कडेवर असलेली मुलगी १९६७ ला जन्मूच शकत नाही.

मी देवघेव सहकाऱ्याकडे सोपवली. तो कुरकुरला. "आपलं काम आहे का हे?" दोन वर्षं झाली त्याला इथे, सभासद कोणाला म्हणायचं एवढंच त्याला नियमानं समजलंय.

पूर आमच्या वाचनालयालाही माहीत आहे. त्या काळची दाखलनोंद वही आहे, तिच्या खालच्या कोपऱ्यावर अजून तपकिरी डाग आहे. शेवटच्या रकान्यात पुस्तकांच्या दाखल क्रमांकांसमोर ओळीनं एकच शेरा, लाल शाईत: पुरात गेले. खालच्या फळ्यांवरचं सगळं गेलं, माळ्यावरची वर्तमानपत्रं वाचली.

त्या वर्तमानपत्रांचे खंड आम्ही बासनात बांधून ठेवतो. कापडात वेखंडाचे तुकडे असतात, त्यानं किडीला आळा बसतो. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातच आम्ल, त्यामुळे हवा-उजेड लागला की तांबूस होतो आणि कडेनं पापडासारखा तुटतो. असा खंड छायाप्रतीच्या यंत्रावर पालथा घातला की पाठ मोडलीच. म्हणून मी तो खिडकीशी, दोन उशांवर, पुरता न उघडता ठेवते. पान उलटायचं ते बाहेरच्या कडेखाली तळहात सरकवून, दोन्ही हातांनी, उचलून. बोटाला थुंकी लावायची नाही. मग वरून मोबाइलनं फोटो. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नाही. आधीच्या ग्रंथपालबाईंनी स्वतः करून दाखवलं.

आमच्या कार्यकारिणीतले एक गृहस्थ दर सभेला म्हणतात, हे खंड रद्दीत काढा, जागा होईल, आता सगळं संगणकावर मिळतं. हेच गृहस्थ कार्यक्रमात १८४८ च्या नगर वाचन मंदिरापासूनची पुण्याची परंपरा सांगतात. आमच्या माळ्यावरचा एकही खंड कोणी संगणकावर चढवलेला नाही.

पुरानंतरचा अंक सापडला. मावशी तिसरीपर्यंत शिकलेल्या, तारीख त्यांनीच बोट न लावता वाचली. मी फोटो छापून दिला. तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्यावर तुमचा शिक्का मारा."

आमचा गोल शिक्का म्हणजे एवढंच की हा अंक आमच्या संग्रहातला आहे. पण खिडकीपलीकडचा माणूस तो तसा वाचेल का? एखाद्यानं तो वयाचा दाखला म्हणून घेतला, किंवा खोटा दाखला म्हणून मावशींनाच धरलं, तर? शिक्का माझ्या हाती विश्वासानं दिलेला आहे. मी नाही म्हणाले, कारणही सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. कागदाची घडी घालून त्यांनी पिशवीत ठेवली. त्या वादसुद्धा घालत नव्हत्या. इतक्या खिडक्यांवर 'नाही' ऐकलेल्या माणसाचं ते 'बरं' होतं, आणि माझी खिडकीही त्यातलीच एक झाली होती.

त्या चपला घालत होत्या तेवढ्यात मला सुचलं. "मावशी, शाळा कुठली?"

पुरात वाडा पडल्यावर त्यांना गोखलेनगरला जागा मिळाली होती. तिथली महापालिकेची शाळा. शाळा असेल तर जनरल रजिस्टर असणार, आणि त्यात जन्मतारखेचा रकाना. अभ्यासिकेतल्या परभणीच्या एका मुलाला मी खाली बोलावलं. दोनदा मुख्य परीक्षा देऊन आलाय, नियम तोंडपाठ. त्यानं टेबलाशी उभ्या उभ्या मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहिला. शाळा सोडल्याचा दाखला हरवल्यानं दुसरी प्रत, ती नसेल तर रजिस्टरचा उतारा, माहेरच्या नावानं. "आजी, आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते," त्यानं बजावलं. "हातात कागद येईपर्यंत केंद्रावर जायचं नाही." मग त्यांच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत छत्री धरून गेला. पेपरला बसणाऱ्या या मुलांबद्दल पेठेत लोक फार वाईट बोलतात.

वर्षाच्या शेवटी ग्रंथालयाचा अहवाल पाठवायचा असतो. ग्रंथ किती, नियतकालिकं किती, सभासद किती, देवघेव किती. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आम्हाला वर्ग मिळतो, वर्गाप्रमाणे अनुदान. पेन्शनचा अर्ज भरून घ्यायला आलेले, मुलाच्या पत्राचं इंग्रजी समजून घ्यायला आलेले, दुपारच्या उन्हात नुसते पंख्याखाली बसायला आलेले वॉचमन, यांना रकाना नाही. आमच्याकडे येणाऱ्यांत निम्मे तरी असेच असतील. मोजत कोणीच नाही, म्हणून तपासणीच्या वेळी मी हे बोलले की समोरचा माणूस नम्रपणे पुढचं पान उलटतो.

दीड महिन्यानं मावशी परत आल्या. या वेळी चपला घालून, थेट टेबलापाशी. उतारा मिळाला होता. मुख्याध्यापिकांनी जुनं रजिस्टर स्वतः कपाटातून काढलं म्हणे. त्यात जन्मतारीख: १ जून १९६०.

मी काही बोलले नाही. शाळेत घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी एक जून लिहायचे. माझ्या सासऱ्यांची तीच, त्यांच्या दोन्ही भावांचीही तीच. म्हणजे ही तारीखही कोणीतरी अंदाजानं टाकलेली. पण वर्ष जुळत होतं. तेरा महिन्यांची मुलगी धरून धरून चार पावलं टाकते. हिशेब मावशींचाच खरा निघाला, तोही त्यांनी आईच्या एका वाक्यावरून लावलेला.

"आधारला अर्ज दिला," त्या म्हणाल्या. "आता त्यो पेपर परत दावता का?"

"आता कशाला?"

"वाचून दावा. तवा घाईत होते."

दुपार होती, गर्दी नव्हती. मी बासन सोडलं, खिडकीशी उशा मांडल्या आणि पहिल्या पानापासून वाचत गेले. त्या खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होत्या. कुठल्या पेठांत पाणी शिरलं ते मी वाचत होते तेव्हा त्यांनी हात वर केला.

"आमच्या वाड्याचं काय लिवलंय?"

मी तो मजकूर पुन्हा वरपासून वाचला, मग पाचव्या पानावरची बारीक अक्षरातली यादीही. वाड्याचं नाव नव्हतं.

"बघा ना आजून," त्या म्हणाल्या. मी पुढच्या दिवसाचा अंक उघडला.