लिस्टन की फोरमन? तुम्ही विचारलंत म्हणून

मला जुन्या बॉक्सिंगचा नाद आहे हे कळलं की लोक आधी टायसनबद्दल विचारतात. त्यातले जरा मुरलेले असतील ते मात्र हा प्रश्न टाकतात: सनी लिस्टन आणि जॉर्ज फोरमन, हेवीवेट गटाचे हे दोन माजी जगज्जेते, दोघंही ऐन भरात असताना समोरासमोर उभे राहिले असते तर कोण जिंकलं असतं?

लिस्टन. सहाव्या किंवा सातव्या फेरीत.

हे ऐकून बहुतेकांचा विश्वासच बसत नाही, कारण त्यांनी किंग्स्टनची लढत पाहिलेली असते. २२ जानेवारी १९७३, जमैका. तोवर एकदाही न हरलेल्या जो फ्रेझिअरला फोरमनने दोन फेऱ्यांत सहा वेळा लोळवलं. एका फटक्याने तर फ्रेझिअरचे पाय कॅनव्हासवरून सुटले. पुढच्या वर्षी काराकासमध्ये केन नॉर्टनचाही दुसऱ्याच फेरीत निकाल लागला. नुसती ताकद मोजायची तर फोरमन काकणभर सरस, यावर माझा वाद नाही.

पण या दोन लढती नीट बघा. फ्रेझिअर उंचीला बेताचा, वाकून सरळ पुढे येणारा. फोरमन त्याला दोन्ही हातांनी मागे ढकलायचा, हवं तेवढं अंतर पाडायचा आणि तो पुन्हा आत आला की अपरकट, म्हणजे खालून वर हनुवटीवर ठोसा. नॉर्टनची अडचण उलटी, जोरदार ठोसे मारणाऱ्यापुढे तो मागे सरायचा. दोघंही फोरमनला हवे तसे मिळाले. लिस्टन आतही घुसत नाही आणि मागेही सरत नाही.

लिस्टनचं खरं हत्यार म्हणजे डाव्या हाताचा जॅब, म्हणजे झटकन मारलेला सरळ ठोसा. फोरमनपेक्षा तो दोन-तीन इंचांनी बुटका, पण हातांचा पल्ला ८४ इंच, म्हणजे फोरमनहून जास्त. मुठीचा घेर १५ इंच होता अशी नोंद आहे. इतरांचा जॅब चाचपणीसाठी असतो, लिस्टनचा जॅब समोरच्याची मान मागे फेकायचा. १९७३चा फोरमन बहुतेक ठोसे लांबून, हात रुंद फिरवून मारायचा. असा ठोसा निघाला की मधली वाट मोकळी होते, आणि त्या वाटेने सरळ येणारा जॅब आधी पोचतो.

लिस्टनने मोठे ठोसे खाल्लेच कुठे, असं कुणी म्हणालं तर मी फ्लॉइड पॅटरसनच्या लढतींकडे बोट दाखवत नाही. त्या दोन्ही पहिल्याच फेरीत संपल्या आणि पॅटरसन फारच हलका होता. एप्रिल १९५९ मधली मायामी बीचची क्लीव्हलंड विल्यम्सशी झालेली लढत बघा. विल्यम्स हा त्या काळचा भीती वाटावी असा ठोसेबाज. त्याने लिस्टनचं नाक रक्तबंबाळ केलं, तरी लिस्टन हलला नाही. तिसऱ्या फेरीत त्याने विल्यम्सला संपवलं आणि पुढच्या वर्षी ह्यूस्टनमध्ये दुसऱ्याच फेरीत. त्याआधी १९५४ साली मार्टी मार्शलने त्याचा जबडा मोडला होता. ती लढत तो गुणांवर हरला, पण शेवटपर्यंत उभा राहिला.

या दोघांनी एकमेकांचे ठोसे खाल्लेलेही आहेत. साठच्या दशकाच्या अखेरीस प्रशिक्षक डिक सॅडलरच्या हाताखाली दोघं एकत्र सराव करत, आणि स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतींत, आपल्याला मागे रेटणारा लिस्टनच, असं फोरमन पुढे स्वतःच सांगायचा. एरवी सरावातल्या गोष्टींना मी फार किंमत देत नाही, कारण तेव्हा फोरमन नवखा होता. पण लिस्टनही उतरणीला लागला होता (त्याच्या जन्मसालाची तर कुणालाच खात्री नाही), त्यामुळे हा पुरावा अगदीच फेकून देता येत नाही.

राहिला दमाचा प्रश्न. १९६० साली सिअ‍ॅटलमध्ये लिस्टन एडी मेकनशी पूर्ण बारा फेऱ्या लढून गुणांवर जिंकला होता. फोरमनला तशी सवय नव्हती. १९७४ साली किन्शासात मुहम्मद अलीपुढे आठव्या फेरीपर्यंत त्याचे हात जड झाले होते. अलीसारखं दोरांना टेकून मार खात फोरमनला दमवणं लिस्टनला जमलं नसतं, पण त्याला त्याची गरजही पडली नसती.

धोका पहिल्या दोन फेऱ्यांचा. तिथे फोरमनचा एक उजवा नीट बसला तर माझं सगळं गणित बाराच्या भावात. रेफरीवरही बरंच अवलंबून आहे, कारण ढकलाढकली चालू दिली तर जॅबची लांबी वाया जाते. फोरमन पडून उठणारा गडी होता हेही विसरून चालणार नाही. १९७६ साली रॉन लाइलने त्याला दोनदा पाडलं, तरी पाचव्या फेरीत जिंकला तोच. म्हणून लिस्टनने त्याला एका ठोशात झोपवलं असतं असं मी म्हणत नाही. चौथ्या फेरीपर्यंत डोळे सुजलेले, हात खाली आलेले, मग कोपर वाकवून बाजूने मारलेला डावा हुक, मग पुन्हा डावा, आणि शेवटी रेफरी मध्ये.

हे सगळं १९६०च्या लिस्टनबद्दल. १९६४ साली मायामीत क्लेपुढे (म्हणजे पुढचा मुहम्मद अलीच) सहा फेऱ्यांनंतर स्टुलावरून न उठलेला, सरावात ढिला पडलेला लिस्टन आणलात, तर फोरमन दोन फेऱ्यांत.